भोंगेवाले बाबाजी

कळंब आणि आसपासच्या वीस-पंचवीस गावांत लग्न असो, भागवत सप्ताह असो की निवडणुकीची सभा, झाडावर किंवा गच्चीवर जे भोंगे बांधलेले असत ते बाबाजींचे असत. एवढ्या मुलखाला आवाज पुरवणारा हा माणूस स्वतः मात्र इतका हळू बोलायचा, की पहिल्या भेटीत मला खुर्ची पुढे ओढून बसावं लागलं. घसा बसला आहे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "घसा चांगला हाय, मॅडम. मोठ्यानं बोलाचं काम मशीनकडे देल्लं. माणसानं कायले मोठ्यानं बोलाव?"

मी तेव्हा यवतमाळात नवीन होते. म्हणजे गाव माझंच, काम नवीन. वडील कचेरीत कारकून, काका शाळेत मास्तर, अशा घरातली मी नागपूरला ऑक्युपेशनल थेरपी शिकून परत आले आणि घरामागच्या दोन खोल्यांत मुलांसाठी केंद्र उघडलं. एका खोलीत जाड गाद्या, छताच्या कडीला टांगलेला झोका, तांदळाने आणि सरकीने भरलेले डबे, वेगवेगळ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या. काही मुलांच्या मेंदूला आवाजाची, स्पर्शाची, हालचालीची खबर नीट लावता येत नाही. आपल्याला जी कुकरची शिट्टी, ती त्यांना कानाशी फुटलेला फटाका. अशा मुलांना खेळातून हळूहळू सवय करायची, हे माझं काम. लोक त्याला खेळाचा दवाखाना म्हणायचे. जिल्ह्यात दुसरा नव्हता.

बाबाजी आले ते नात आणि सून यांच्याबरोबर. नातीचं नाव आचल, वय पाच. सुनेचं नाव वंदना. आचल आईच्या खांद्यात तोंड खुपसून, दोन्ही तळहात कानांवर गच्च दाबून होती. बाबाजींनी चपला बाहेर काढल्या, दारात थांबून खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "ते भिंतीवरचं घड्याळ काढता काय, मॅडम? टिकटिक करून राह्यलं." त्या घड्याळाची टिकटिक मी सहा महिन्यांत एकदाही ऐकली नव्हती. मी ते काढून शेजारच्या खोलीत उशीखाली ठेवलं. थोड्या वेळाने आचलने मान वर केली.

आईबाप येतात आणि सांगतात, "खूप ओरडते, काही खात नाही." बाबाजींनी जसं सांगितलं तसं मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. ते म्हणाले, "पातळ आवाज तिले सुईसारखा टोचते. ताटल्या, शिट्टी, एसटीचा ब्रेक. जाड आवाजाचं येगळं हाय. तो तिले हालवते. बेस कानानं येत नाही मॅडम, पायानं येते. ढोल वाजला का हे खाटेवर चढते, जमिनीवर पाय म्हणून ठेवत नाही. पण डीपीची, लाइटच्या त्या ट्रान्सफॉर्मरची, घूं तिले चालते. डीपीपाशी जाऊन उभी राह्यते, म्हणून लक्ष ठेवा लागते." पुढे त्यांनी सांगितलं, की ती दूध-बिस्किटाशिवाय काही खात नाही, केसांना फणी लावू देत नाही, आणि बोलते ती तीनच शब्द. मी लिहून घेत होते. शिकत असताना जे तक्ते भरायला वर्षभर लागलं, ते या माणसाने केवळ ऐकून भरले होते.

मग त्यांनी विचारलं, "होईन का बरं?"

"प्रयत्न करू," मी म्हणाले.

"ते त करूच. मी इचारलं, होईन का."

"मुलं बदलतात, बाबाजी."

त्यांनी मान हलवली. लाइनमन "येईल लाइट" म्हणतो तेव्हा आपण जशी हलवतो, तशी.

आमच्या कामात तेव्हा एक पद्धत येऊ लागली होती. संगीत घ्यायचं आणि यंत्राने त्यातले आवाज बदलायचे. जाड सूर मध्येच गाळून टाकायचे, पातळ पुढे आणायचे, मग जाड पुन्हा सोडायचे. ऐकणाऱ्या मुलाच्या मेंदूला दर थोड्या वेळाने नव्याने कान टवकारावे लागतात. झोका, उड्या, गादीवरचे खेळ यांच्या जोडीला दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास असं ऐकलं तर आवाज पचवायची ताकद येते, असं म्हणणारे लोक होते. यात काही अर्थ नाही म्हणणारेही होते, आणि तेही शहाणेच होते. माझ्याकडे माझ्या नागपूरच्या बाईंनी दिलेल्या चार सीडी होत्या आणि त्यासाठीच्या हेडफोनचे दोन जोड. कोणाचं खरं हे मला ठरवता येत नव्हतं. हातात जे होतं ते मी वापरत होते.

बाबाजींनी आधी स्वतः ऐकायला मागितलं. हेडफोन लावून डोळे मिटून ते पूर्ण अर्धा तास बसले. काढल्यावर म्हणाले, "कोनीतरी बसून चाळलं हे. पीठ चाळते तसं. जाड खाली राह्यलं, बारीक वरतं आलं." तेव्हापासून माझ्याकडे येणारे सगळेच पालक त्याला चाळलेलं गाणं म्हणायला लागले. मीही म्हणायला लागले.

पण आचलला ती सीडी चालेना. व्हायोलिन सुरू झालं की ती हेडफोन ओढून फेकायची. दोन आठवडे असेच गेले. मग बाबाजी म्हणाले, "वाजवणारे हुशार हायेत, मॅडम. पण हिच्या वळखीचे नाहीत." पुढच्या वेळी ते खिशातून एक कॅसेट काढून माझ्यापुढे धरून उभे राहिले, शाळेत पाटी दाखवायला उभं राहावं तसे. कळंबच्या बसस्टँडजवळ त्यांच्या भोंग्यांची टिनाची खोली होती. तिथे त्यांनी भजन मंडळातल्या एका म्हाताऱ्याची एकतारी आणि एका गुराख्याची बासरी रेकॉर्ड केली होती, आणि मग इक्वलायझरचे खटके हाताने वरखाली करत ती दुसऱ्या टेपवर चाळून घेतली होती. अर्धा तास एका बाजूला, अर्धा तास दुसऱ्या. "खटका कधी सरकवायचा हे कसं ठरवलं?" मी विचारलं. "आचलले मांडीवर घेऊन बसलो होतो," ते म्हणाले. "तिचा श्वास लागला का आवाज हलका करो, श्वास बसला का भरो."

खरं तर मी तिथेच थांबवायला हवं होतं. ती कॅसेट कोणत्याही पुस्तकात बसत नव्हती. पण मी हेडफोन लावून ऐकली आणि थांबवू शकले नाही. एकतारी कुठेतरी खोल विहिरीत उतरत होती आणि बासरी काठावर उभी राहून तिला हाक मारत होती. मी एवढंच बजावलं, की आवाज अगदी बारीक ठेवा, आणि ती शांत असेल तेव्हाच लावा. हे दुसरं वाक्य मी त्या दिवशी नक्की बोलले होते. मला ते आठवतं, म्हणून जास्त लागतं.

पहिल्या दिवशी आचलने हेडफोन चार मिनिटं ठेवला. महिन्याभरात अर्धा तास. वॉकमन कमरेच्या पट्ट्याला बांधून ती झोक्यावर पालथी पडायची आणि जमिनीला बोटं लावत हेलकावे घ्यायची. भारनियमनामुळे कळंबात दिवसाचे बारा-बारा तास लाइट नसायची. म्हणून बाबाजी सेलचे जोड उन्हात ठेवून पुन्हा पुन्हा वापरायचे. वापरलेल्या सेलने टेप संथ चालते, गाणं ओढल्यासारखं होतं, हे त्यांना माहीत होतं. त्यामुळे नवा जोड आचलचा, जुना टॉर्चचा, असा नियम होता. दिवाळीनंतर एक दिवस वंदना आली ती दारातूनच सांगत आली, की आचलने वरणभात खाल्ला. दोन घास, पण खाल्ला. त्याच महिन्यात फणी लावू दिली.

मी बाबाजींना म्हणाले, "हे कॅसेटमुळेच झालं असं समजू नका."

"मी कुठं म्हणलं? झोक्यानं झालं असन. तुमच्या त्या वाळूच्या पिशव्यानं झालं असन. पण झालं न."

सगळ्यात वाईट असायचा तो प्रवास. कळंबहून यवतमाळ जेमतेम पाऊण तासाचा, पण गाडीचा खडखडाट, हॉर्न, कंडक्टरची घंटी, ब्रेक. आचल माझ्याकडे पोचायची ती घामाने भिजून, आणि माझ्या तासातला अर्धा तास तिला निवळायला लागायचा. निवळली की खेळायची, आणि खेळून झालं की परत तीच गाडी. इथे जमवलेलं वाटेतच सांडायचं. मी एकदा वैतागून म्हणाले, की तुम्ही आठवड्याला येण्यापेक्षा न आलेलं बरं. बाबाजी म्हणाले, "नाई आलो त तुमी कशा दिसान तिले?" मग त्यांनी सकाळची रिकामी गाडी शोधली, इंजिनपासून लांबची खिडकी शोधली आणि कंडक्टरशी अशी ओळख काढली, की तो त्या दिवशी घंटी न वाजवता पत्र्यावर थाप मारायचा.

ती कापसाची वाईट वर्षं होती. पऱ्हाटी उभी दिसायची, पण घरात उमेद नसायची. बाबाजींचंही चार एकर कोरडवाहू होतं, पण त्यांना गावाची हालत शेतापेक्षा भोंग्यांवरून आधी कळायची. लग्नं देवळात, पन्नास माणसांत उरकायला लागली. एकदा बाकावर बसून ते मला म्हणाले, "यंदा लग्नाचे माईक कमी, शोकसभेचे जास्त." शोकसभेला ते भाडं घेत नसत. तिथे माईक लावून आवाज अगदी खाली ठेवायचे. "रडणाऱ्याचा आवाज मोठा करू नये," असं त्यांचं म्हणणं.

मुलगा गजानन, म्हणजे आचलचा बाप, याला हे परवडणारं नव्हतं. तो बापासारखा शांत होता, पण त्याला घर चालवायचं होतं. भोंगे कोणी घेईना, तेव्हा त्याने एका मित्राबरोबर भागीत मोठे बॉक्स आणले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंतीसारखे रचायचे ते. गणपती, देवी, जयंती, वरात, सगळीकडे मागणी. बॉक्स अंगणात ताडपत्रीखाली राहायचे. बाबाजी त्यांना हात लावत नसत. तरी गजाननला त्यांनी दोष दिलेला मी ऐकला नाही. "त्याच्याच कमाईनं आमी तुमच्याकडं येतो, मॅडम. मी कोन्या तोंडानं बोलू?"

दुसऱ्या वर्षीच्या नवरात्रापर्यंत आचल पंधरा-वीस शब्द बोलायला लागली होती. शाळेत बसवून बघायचं ठरलं होतं. दसरा झाला. देवीच्या विसर्जनाची मिरवणूक कळंबात दुपारी निघाली. बॉक्स गजाननचे होते. घरापुढून जाताना आवाज खाली करेन, असा शब्द त्याने दिला होता, आणि त्याने तो पाळलाही. पण पुढे रस्त्यावर विजेची तार खाली आली होती. ती बांबूने उचलून धरेपर्यंत ट्रॉली नेमकी त्यांच्या घरासमोर अडकली. मागून पोरांची गर्दी आली. कोणीतरी आवाज पुन्हा चढवला.

माझ्या केंद्रात त्या वेळी दुसरं एक मूल झोक्यावर होतं. झोक्याजवळच्या स्टुलावरचा फोन वाजला. एक हात झोक्याच्या दोरीला ठेवून मी दुसऱ्याने रिसीव्हर उचलला. पलीकडून नुसती धडधड ऐकू येत होती. त्यातून बाबाजींचा आवाज आला. ते ओरडत होते. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मॅडम, आचल डोकं आपटून राह्यली. घरावरचं टिन हालून राह्यलं. कानाले लावू का तिची कॅसेट?"

"हो, लावा."

"आवाज वाढवू काय थोडा? बाहेरचं लई हाय."

"थोडा वाढवा," मी म्हणाले, आणि झोक्यावरचं मूल घसरत होतं म्हणून फोन ठेवला.

पंधरा सेकंद लागले असतील. मुलाला गादीवर उतरवलं तेव्हा मला कळलं मी काय बोलले ते. हेडफोन म्हणजे कानाचं झाकण नव्हतं. बाहेरचा बेस पायातून, छातीतून येतच राहणार, आणि वरून कानात ती चाळलेली बासरी, तीही चढवलेली. भेदरलेल्या मुलाला आम्ही दोन्हीकडून कोंडत होतो. मी परत फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कोणी उचलला नाही.

नंतर कळलं ते असं. बाबाजींनी तिला मांडीत घट्ट धरून हेडफोन लावला. तिने तो ओढला, त्यांनी हाताने दाबून धरला, कारण मॅडमनी सांगितलं होतं. तिने त्यांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. ट्रॉली सरकायला आणखी दहा मिनिटं लागली. नंतर आचल खाटेखाली जाऊन बसली ती दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर आली. तीन दिवस तिने साखरपाण्याशिवाय काही घेतलं नाही. बोललेले सगळे शब्द गेले. हेडफोन दिसला की ती किंचाळायची, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे बाबाजी दिसले की किंचाळायची.

घरात गजानन बापावर उखडला. आपल्या बॉक्सचं नाव त्याने घेतलं नाही, हेडफोनचं घेतलं. शांत असेल तेव्हाच लावा असं मॅडमनी सांगितलं होतं, मग तुमी दाबून काहून धरलं, असं त्याने विचारलं. बाबाजी म्हणाले, "माह्यंच चुकलं." फोनचा विषय त्यांनी काढला नाही.

चौथ्या दिवशी ते एकटे यवतमाळला आले. मनगटाला फडकं बांधलेलं होतं. मी म्हणाले, "बाबाजी, मी उद्या तुमच्या घरी येते. मी सांगितलं म्हणून तुम्ही लावलं, हे मला त्यांना सांगायचं आहे."

"नका सांगू."

"का पण? चूक माझी आहे."

त्यांनी फडक्याची गाठ नीट केली. म्हणाले, "माह्यावरचा त्यायचा भरोसा गेला त चालते, मॅडम. मी घरचाच हाय, जाऊन जाऊन कुठं जाईन. तुमच्यावरचा गेला त आचलले कोनाकडं नेतीन?"

दुसऱ्या दिवशी मी कळंबला गेले नाही. मला वाटतं, मला हेच ऐकायचं होतं. मी सव्वीस वर्षांची होते, केंद्र नवं होतं, आणि एक म्हातारा माझी चूक उचलून आपल्या पोत्यात टाकत होता. मी त्याला टाकू दिली.

त्यांना पाहिलं की आचल डोकं आपटते, म्हणून ते आधी ओसरीवर झोपायला लागले, मग अंगणात, आणि शेवटी बसस्टँडजवळच्या भोंग्यांच्या खोलीत राहायला गेले. वंदना दोन वेळा डबा पोचवायची. आचलचं माझ्याकडे येणं सुरू राहिलं, पण आता गजानन आणि वंदना आणायचे. चाळलेलं गाणं आम्ही बंद केलं. नुसता झोका, नुसत्या वाळूच्या पिशव्या, सरकीच्या डब्यात लपवलेले मणी. पहिले चार महिने ती झोक्यावरही चढली नाही.

बाबाजी येत राहिले. कळंबहून यांची गाडी निघाली की ते पुढची गाडी धरायचे. ही तिघं माझ्याकडून निघून गेल्यावर अर्ध्या तासाने फाटक वाजायचं. ते आत येत नसत. बाहेरच्या बाकावर बसून विचारायचे, "आज काय केलं तिनं?" मी सांगायचे. सरकीत हात घातला. एकदा हसली. 'पाणी' म्हणाली. ते प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकून घ्यायचे. आठवडाभर दोन गल्ल्या पलीकडेच असणाऱ्या नातीची खबर घ्यायला हा माणूस एसटीने यवतमाळला यायचा, कारण घरी विचारलं की गजाननचा चेहरा बदलायचा.

एकदा मी प्रयत्न करून पाहिला. पावसाळा संपत आला होता, आचल बरीच सावरली होती. मी बाबाजींना आधीच बोलावून झोक्याच्या खोलीत, दाराकडे पाठ करून बसवलं. अजिबात हलायचं नाही, बोलायचं नाही. आचल आली, झोक्यावर बसली, दोन हेलकावे घेतले. मग तिची नजर त्या पाठीकडे गेली. ती ओरडली नाही. झोक्यावरून उतरून कोपऱ्यात गेली, भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही तळहात कानांवर ठेवले. एकाच खोलीत आजोबा एका भिंतीकडे आणि नात दुसऱ्या भिंतीकडे, अशी किती वेळ बसली होती कोण जाणे. मधे मी उभी होते. शेवटी बाबाजीच उठले, तिच्याकडे न बघता भिंतीच्या कडेकडेने दारापर्यंत गेले आणि चपला हातात घेऊन बाहेर पडले.

बाकावर मला म्हणाले, "बस झालं. तिले पुन्हा असं करू नका." पहिल्या भेटीतला तो प्रश्न, होईन का बरं, त्यांनी त्यानंतर कधी विचारला नाही.

पुढच्या वर्षी जूनमध्ये आचल शाळेत बसली. बाईंनी तिला खिडकीपाशी जागा दिली आणि घंटा व्हायच्या आधी तिला बाहेर सोडायचं कबूल केलं. मी हे सांगितलं तेव्हा बाबाजींनी विचारलं, घंटा पितळेची का लोखंडी रूळ. रूळ, मी म्हणाले. "मंग ठीक. रूळ लई टोचत नाही." त्यांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले आणि ऊन फार आहे म्हणाले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सलग दोन वेळा कोणीच आलं नाही. आचल नाही, आणि नंतरच्या गाडीने बाबाजीही नाहीत. मग वंदनाचा फोन आला. मामाजी गेले, म्हणाली; सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची. दोन दिवस ताप होता, दवाखान्यात न्यायला गाडी आणली, तेवढ्यात संपलं. तेरवीला या, म्हणाली.

मी गेले. अंगणात मंडप होता, पंगत बसली होती. माईक नव्हता. आचल ओट्याच्या टोकाला ताट घेऊन बसली होती, एक बोट एका कानात, दुसऱ्या हाताने भात कालवत. भोवती चाळीस माणसं वाढपाची भांडी आपटत होती आणि ती खात होती. गजानन पाणी वाढत होता. मला बघून त्याने मान खाली घातली. त्याने बॉक्स विकले होते की नाही, ते मी विचारलं नाही.

पंगती उठल्यावर मी वंदनाला मागच्या दारी गाठलं. ती पातेली विसळत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. विसर्जनाच्या दिवशी बाबाजींनी मला फोन केला होता. मीच लावा म्हणाले, आवाज वाढवा म्हणाले. त्यांची काही चूक नव्हती. अडीच वर्षं मी हे सांगितलं नाही.

तिचा हात थांबला नाही. पातेलं पालथं घालून तिने दुसरं ओढलं.

"मले मालूम हाय, मॅडम."

"त्यांनी सांगितलं?"

"त्यायनं कायचं सांगितलं. मी तिथंच होती न, आचलचे पाय धरून. मामाजी फोनवर वरडत होते. लावू का, वाढवू का, सारंच आयकू आलं."

मग मी विचारलं, की गजाननला तू का नाही सांगितलंस. एवढं होऊनही माझ्याकडे कशी येत राहिलीस.

तिने ओले हात पदराला पुसले. रागाने नाही, समजावून सांगावं तशी म्हणाली, "सांगतलं असतं त त्यायनं तुमच्याकडं येणं बंद केलं असतं. मंग आमी लेकराले घेऊन कुठं जातो? दुसरं होतं कोन?"

आतून कोणीतरी तिला हाक मारली. ती पातेली उचलून आत गेली. मी अजून हेच काम करते, त्याच दोन खोल्यांत. फोनवर कोणी घाईत काही विचारलं की आता मी म्हणते, थांबा, मला माहीत नाही, मी येते. पलीकडच्या माणसाला ते आवडत नाही. त्याला हो किंवा नाही हवं असतं, आणि जिल्ह्यात विचारायला अजूनही दुसरं कोणी नसतं.